तासांचे दप्तर

‘ते जुने ऑनलाइन तास आता पुसून टाका, उगाच जागा अडते आहे.’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत आम्ही इतक्या मुखांतून ऐकले आहे, की त्याला आता सुभाषिताची प्रतिष्ठा यावयास हरकत नाही. संगणक कक्षातला मुलगा ते म्हणतो, कारण त्याला वरून तंबी आलेली असते. वरिष्ठ म्हणतात, कारण त्यांच्या दृष्टीने २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे म्हणजे आटोपलेले एक लचांड आहे. आणि आमचे सहकारी म्हणतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडी लाजही असते. पडद्याकडे पाहून, स्वतःच्याच चेहऱ्याशी बोलत, ‘आवाज येतोय का?’ असे दर पाच मिनिटांनी विचारणारे आपले ते रूप पुन्हा कोणी पाहू नये, अशी त्यांची मनोमन इच्छा असते. ती इच्छा आम्हांला समजते. आम्हीही त्याच पडद्यापुढे बसलो होतो.

तरीही आमचे म्हणणे उलटे आहे, आणि ते आम्ही जरा कडक शब्दांत मांडणार आहोत. मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाल्यापासून पुढची दोनेक वर्षे, मधूनमधून उघडझाप होत, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत जे शिकवणे पडद्यावरून झाले, त्याचे मुद्रण ही त्या त्या शिक्षकाची जबाबदारी आहे. ते लावून, निवडून, नावे-तारखा घालून ठेवणे हे शिकवण्याच्याच कामाचा उरलेला भाग आहे. तो भाग न करता जो पुसतो तो निष्काळजी. आणि न लावता जो नुसते साठवून ठेवतो, तो त्याहून थोडासाच बरा.

असे ठाम बोलण्याचे कारण घरगुती आहे. आमचे एक ज्येष्ठ सहकारी २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. मराठी शिकवीत. वर्गात उभे राहून शिकवताना त्यांना कोणी कधी टिपून ठेवले नाही. पडद्यावरच्या त्या दोन सत्रांतले तास मात्र मुद्रित झाले होते, कारण यंत्र ते आपोआप करीत होते. वर्ष उलटल्यावर वहिनींनी आमच्यापैकी एकाला फोन करून विचारले, ‘भाऊ, सरांचा आवाज कुठे मिळेल का? नातवाला ऐकवायचा होता.’ आम्ही मोठ्या विश्वासाने हो म्हटले. नंतर कळले की सरांचे खाते संस्थेने दिलेले होते, आणि मृत कर्मचाऱ्यांची खाती काढून टाकण्याच्या एका सफाईत ते खाते तासांसह गेले होते. त्यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. यादीत एक ओळ होती, ती खोडली गेली. आम्ही वहिनींना काय सांगितले ते इथे लिहीत नाही.

आता, ज्या प्रदेशात हे घडले त्या प्रदेशाकडे पाहा. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी १९३२ या रविवारी विनोबांनी गीतेवर बोलावयास आरंभ केला. अठरा रविवार, अठरा अध्याय. १९ जूनला शेवटचे प्रवचन झाले. समोर कैदी बसलेले, आणि त्यांत एक जण झरझर लिहून घेणारा. तो म्हणजे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली मास्तरकी दोन वर्षांपूर्वी सोडून चळवळीत पडलेले पांडुरंग सदाशिव साने. ना यंत्र, ना लघुलिपी. ती टिपणे नसती तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक नसते, आणि ते पुढे ज्या अनेक भाषांत गेले तिथे गेले नसते. एका तासाचे श्रेय बोलणाऱ्याइतकेच तो टिपणाऱ्याचेही असते, याचा याहून मोठा पुरावा मराठीत आम्हांला ठाऊक नाही. आणि हे ध्यानात घ्यावे की गुरुजींनी नुसते उतरवून घेतले नाही. ते लावले, वाचनीय केले, बोलणाऱ्याच्या नजरेखालून गेले, मग छापले गेले. म्हणजे मुद्रण आणि जतन या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली आता यंत्र करते, दुसरी अजून माणसालाच करावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावे साहित्य संमेलन झाले तेव्हा गुरुजींच्या नावाने आम्ही सर्वांनीच माना डोलावल्या. त्याच महिन्यात आमच्यापैकी किती जणांच्या ड्राइव्हमधल्या धारिका निनावी पडून होत्या, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. आम्हांलाही नाही.

दुसरे उदाहरण तर आमच्या विद्यापीठाच्या नावातच आहे. १९९० साली जळगावात स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरकामात, शेतात त्यांच्या ओठी जे येई, ते सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने वहीत टिपले. १९५१च्या डिसेंबरात बाई गेल्या, वही अत्र्यांच्या हाती पडली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली. जे टिपले गेले तेवढेच उरले. बाकीचे असोद्याच्या आणि जळगावच्या वाऱ्यावर गेले. ज्या विद्यापीठाचे नाव एका वहीमुळे ठरले, त्याच्या परिसरातल्या शिक्षकांना ‘टिपलेले जपा’ हे सांगण्यासाठी लेख लिहावा लागतो, यातला विनोद वाचकांनी आपला आपण घ्यावा.

आणि राजवाडे? पुण्याशी बिनसल्यावर इतिहासाचार्यांनी आपले बाड धुळ्यात आणले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच देह ठेवला, आणि त्यांच्या मागे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी हस्तलिखिते जमवून श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभारले. देशातल्या कित्येक मोठ्या शहरांना नाही एवढी दप्तरखान्याची परंपरा या एका कापूसबाजाराच्या गावाला आहे. राजवाड्यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून, कोनाड्यांतून कागद काढले तेव्हा मालकांचे म्हणणे काय असे? हेच: जुनी रद्दी आहे, जागा अडते आहे.

पण आम्ही पुसणाऱ्यांवर एकांगी तुटून पडत आहोत असे वाटू नये. साठवणाऱ्यांचा जो एक पंथ निर्माण झाला, त्याने जतन या शब्दाची अब्रू घालवली आहे. आम्ही पाहिलेल्या एका महाविद्यालयात टाळेबंदीनंतरच्या मूल्यांकनासाठी ‘ई-आशय’ गोळा करण्याची मोहीम निघाली. प्रत्येकाने आपापल्या तासांचे दुवे एका एक्सेल तक्त्यात भरावयाचे. तक्ता भरला, रंगीत झाला, त्याची छापील प्रत बांधली गेली, समिती आली, गेली. दोन वर्षांनी आमच्यापैकी एकाने कुतूहलाने त्यातले वीस दुवे उघडून पाहिले. अकरा बंद होते, चार परवानगी मागत होते, एक कोणाच्या तरी पुतण्याच्या वाढदिवसाकडे जात होता. चार तास मिळाले. त्यांतल्या दोहोंत आवाज नव्हता. तक्त्यात मात्र वीसच्या वीस आजही ‘उपलब्ध’ आहेत. याला जतन म्हणावयाचे असेल तर बारशाच्या यादीला जनगणना म्हणावे लागेल.

या पंथाचे तत्त्वज्ञान असे, की सगळे ढगात आहे, ढग विराट आहे, काळजी कसली? ढगाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. शैक्षणिक संस्थांना गूगलने एके काळी अमर्याद जागा दिली होती; फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी ते धोरण बदलत असल्याचे सांगितले आणि जुलै २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी अशी मर्यादा आली. ऐकावयास ती मोठी वाटते; हजारो खाती ज्यात मिळून राहतात अशा संस्थेला ती मोठी नाही, आणि ‘जागा अडते आहे’ हे सुभाषित बहुतेक ठिकाणी त्यानंतरच जन्माला आले. खासगी खात्यांचे म्हणाल, तर दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्यास डिसेंबर २०२३ पासून सुरुवात झाली. ऑर्कुट २०१४ साली गेले, याहू ग्रुप्स २०२० साली गेले. त्यांवर मराठीतले किती वादविवाद, किती कविता, किती चांगली-वाईट भांडणे गेली त्याची मोजदाद नाही. परक्याच्या ओसरीवर ठेवलेले गाठोडे आणि आपल्या घरातली पेटी यांत फरक असतो, आणि तो ओसरी झाडली जाते त्या दिवशी कळतो.

मग या तासांत जपण्यासारखे असे आहे तरी काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर बरेचसे नाही. आम्ही आमचे स्वतःचे तास बसून ऐकले. उन्हाळ्याच्या सुटीत, दुपारी, पंखा गरम हवा फेकत असताना. हा एक प्रायश्चित्ताचा प्रकार आहे आणि प्रत्येक शिक्षकाने एकदा तो करावा. निम्मा वेळ हजेरीत आणि ‘म्यूट करा’ यात गेलेला. तेच उदाहरण तीन वर्गांना, त्याच विनोदासह. झूमच्या मोफत खात्यावर चाळीस मिनिटे भरली की वाक्याच्या मध्यावर तुटलेला तास. हे सगळे निःसंकोच टाकावे. एकच पाठ चार तुकड्यांना शिकवला असेल, तर त्यातला जो बरा उतरला तो ठेवावा. राजवाडेसुद्धा प्रत्येक कपटा छापीत नसत.

पण टाकता टाकता हात थबकतो अशा जागा येतात. चोपड्याकडची एक मुलगी उत्तर देते आहे आणि मागे पत्र्यावर पाऊस वाजतो आहे. शिरपूर तालुक्यातला एक जण सातपुड्याच्या पायथ्याशी टेकाडावर रेंज शोधत उभा आहे. वारा इतका, की त्याचे शब्द फाटतात. रावेरच्या बाजूचा एक मुलगा केळीच्या गाडीवर घड लावता लावता कानात यंत्र घालून तास ऐकतो, आणि मध्येच त्याला कोणीतरी हाक मारते. वर्गाच्या चार भिंतींत ही घरे, ही शेते, हे आवाज कधीच येत नसत. आम्हीच ती दाराबाहेर काढून मग शिकवीत असू. त्या दोन वर्षांत वर्ग त्यांच्या घरी गेला आणि त्यांचे घर वर्गात आले. २०२०चे खानदेश कसे होते, हे उद्या कोणाला लिहावयाचे असेल तर शासकीय परिपत्रकांत ते सापडणार नाही. ते या धारिकांत, शिकवण्याच्या मागच्या गोंगाटात आहे.

त्याहून मोलाची गोष्ट भाषेची. वर्गात आमची मुले पुस्तकी मराठी बोलण्याचा प्रयत्न करतात. अहिराणी दाराशी चपलांबरोबर काढून ठेवतात. घरातून बोलताना तो बांध फुटला. ‘सर, माले समजनं नही’ हे वाक्य आम्ही वीस वर्षांच्या नोकरीत वर्गात क्वचित ऐकले. मुद्रणांत ते पुन्हा पुन्हा येते. आणि त्याला उत्तर देताना आमचीच भाषा कशी बदलली, हेही त्यात आहे. व्याकरणाचा किचकट मुद्दा आम्ही नकळत अहिराणीत समजावून सांगितला, मग भानावर येऊन प्रमाण मराठीत परतलो. ग्रिअर्सनने भाषासर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या खंडात खानदेशीला भिल्ली बोलींच्या शेजारी बसवले. तेव्हापासून या बोलीविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण तिच्यातून शिकवले कसे जाते, प्रमाण भाषेशी ती एकाच तासात कशी ये-जा करते, याचे जिवंत नमुने किती आहेत? लेवा गणबोली, पावरी यांचीही तीच कथा. असे नमुने आयते, शेकडो तासांचे, आमच्या खिशात पडले. आणि आम्ही म्हणतो, जागा अडते आहे!

एक आक्षेप मात्र असा आहे की त्यापुढे आम्ही आवाज खाली आणतो. तासिका तत्त्वावर काम करणारे आमचे तरुण मित्र म्हणतात, ‘तुम्ही कायम नोकरीतली माणसे आहात, तुम्हांला दप्तर सुचते. आम्ही तास लावून दिले, की पुढल्या वर्षी आमच्या जागी आमचाच आवाज बसवतील.’ ही भीती काल्पनिक नाही. जागा रिकाम्या, माणूस तासावर मोजलेला, आणि आयता मुद्रित तास हाताशी. ही सोय कोणाला मोहात पाडणार नाही असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. कायद्याकडे वळावे तर तिथली गंमत न्यारी. कॉपीराइट कायद्यात ‘प्रयोग सादर करणारा’ कोण, याच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक, जादूगार, गारुडी यांच्यासह व्याख्यान देणाराही आहे. गारुड्याशेजारी का होईना, शिक्षकाला जागा आहे, आणि त्याच्या सादरीकरणावर त्याचा काही हक्क आहे. पण नोकरीच्या करारात केलेल्या लेखनाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नेमणाऱ्याची, असेही तोच कायदा सांगतो. या दोहोंच्या मधल्या खिंडीत तास उभा आहे. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: दप्तर संस्थेने मागितले म्हणून द्यावयाचे नाही. शिक्षकाने ते आधी स्वतःचे म्हणून लावावे, आपल्या हाताशी ठेवावे, आणि संस्थेला द्यावयाचे तर लेखी अट घालून द्यावे, की हा तास कोणत्याही नेमणुकीच्या बदली वापरला जाणार नाही. पुसून टाकल्याने तो धोका टळत नाही. मूळ प्रत संस्थेच्या खात्यात असते, पुसली जाते ती आपली.

मुलांचे चेहरे आणि नावे हा त्याच नाण्याचा दुसरा भाग. ज्यांचा आवाज आमच्या धारिकेत आहे त्यांना तो तिथे राहणार आहे हे आम्ही कधी विचारले नव्हते. शाळेतल्या मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर. २०२३च्या विदासंरक्षण कायद्याच्या लेखी अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि संमती पालकांची लागते. तेव्हा सरसकट महाजालावर चढवणे हा जतनाचा मार्ग नव्हे. यूट्यूबवर टाकले म्हणजे जपले, असे समजणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.

आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. त्यात विद्वत्ता नाही. मीटच्या धारिकांना पुष्कळदा बैठकीच्या संकेताचीच निरर्थक अक्षरे नाव म्हणून चिकटलेली होती; ती काढून वर्ष-महिना-दिवस, वर्ग आणि पाठ असे नाव दिले. चित्र बहुधा निरुपयोगीच होते, गोठलेले चेहरे आणि काळे चौकोन. म्हणून आवाज वेगळा काढला. चित्रासह तास जिथे शेकडो एमबी घेई तिथे नुसता आवाज तीसच्या आत बसतो, म्हणजे तीनशे तास सोळा जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये मावतात आणि जागा अडण्याचा प्रश्न तिथेच मिटतो. फळ्याऐवजी पडद्यावर लिहिलेले महत्त्वाचे असेल तेवढ्याच चित्रफिती ठेवल्या. एक साधी नोंदवही केली. संगणकावर आणि कागदावरही: क्रमांक, तारीख, कोण बोलते, काय शिकवले, मागे काय ऐकू येते, कोणाची परवानगी आहे, कोणाची नाही. तीन प्रती, त्यांतली एक जळगावात, एक धुळ्यात. मुलांची नावे नोंदवहीत घातली नाहीत. तीन सुट्या गेल्या. घरचे वैतागले, आणि ते योग्यच होते.

हे काम चालू असताना, गेल्या वर्षी, सरांची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तिने तेव्हा रेंज जाईल म्हणून घरच्या दुसऱ्या फोनवर एक तास पडद्यासमोर धरून टिपून ठेवला होता. तो फोन फुटला, पण मेमरी कार्ड राहिले. सत्तेचाळीस मिनिटे. सरांचा आवाज दूरचा आहे, मध्ये तिची आई कोणाला तरी चहा विचारते, एक बैल हंबरतो. धारिकेच्या नावावरून तारीख लागत नाही. फोनचे घड्याळच चुकीचे होते, ते २०१५ दाखवते. पण एकविसाव्या मिनिटाला कोणीतरी विचारतो, ‘सर, उद्या पोळा, तास आहे का?’ सर हसतात आणि म्हणतात, ‘बैलांना सुटी, तुम्हांला का?’ मग थांबून, ‘बरं, तुम्हांलाही.’ सर २०२१च्या पोळ्यापर्यंत नव्हते, तेव्हा वर्ष २०२० ठरते. त्या वर्षी पोळा १८ ऑगस्टला, मंगळवारी होता. म्हणून नोंदवहीत तारीख १७ ऑगस्ट २०२०, सोमवार, अशी कंसात लिहिली आहे. विद्यार्थिनीची परवानगी घेतली आहे, तिच्या आईचीही. प्रत वहिनींकडे पोचवली. बैलाचा आवाज काढून टाकू का, असे आम्ही विचारले होते. त्यांनी राहू द्या म्हटले.